डीपी जळाल्यानंतरची एक ओळ

मंगळवार, १० फेब्रु.

सकाळची एसटी, इंदापूर ते बारामती. खिडकी मिळाली. लासुर्ण्याला काकू चढल्या, भगवानतात्यांच्या बायको, हातात डबा. तात्या म्हणजे अब्बांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. मी शाळेत होते तेव्हापासून त्यांची मोटार जळली की आमच्याकडेच येते. काकू शेजारी बसल्या. म्हणाल्या, तात्या बारामतीत दवाखान्यात आहेत, उजवा हात मनगटात मोडलाय.

"ट्रान्सफार्मरचा डीपी जळाला व्हता. दोन दीस लाईटच न्हाय. रिकामं बसून काय करायचं, म्हनून ड्रिपचा फिल्टर उघडून धूत व्हते. झाकान लावायला आन लाईट यायला एकच गाठ पडली. मोटार आपली आपन सुरू. झाकान उडालं, हातावर आलं."

मग म्हणाल्या, "ती डबी बसवलीया न्हवं, रुबिना, तुझी."

माझी नाही काकू, म्हटलं.

"कागुद तर तुझाच हाय की."

तक्रारीचा सूर नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगितलं. स्टँडवर उतरून त्या दवाखान्याकडे, मी ऑफिसकडे. दिवसभर दवाखान्यात नंबर लावायच्या ॲपचं काम केलं. तारखांचा घोळ होता, सुटला.

बुधवार, ११ फेब्रु.

पान उघडून बघितलं. कित्येक महिन्यांत उघडलं नव्हतं.

डबी म्हणजे शेतपंपाचा कंट्रोलर. परदेशातल्या काही जणांचा खुला प्रकल्प आहे. सर्किट, कोड, माहितीची पानं सगळं फुकट. कोणीही वापरा, कोणीही सुधारा. गेल्या उन्हाळ्यात मी त्यातली बसवण्याची पानं मराठीत केली. खाली माझं नाव आहे. तेव्हा ते नाव मी चार जणांना दाखवलं होतं, अब्बांनी चाळीस जणांना.

ओळ अशी: 'वीज जाऊन परत आल्यास पंप आपोआप सुरू होत नाही.' भाषांतर चोख आहे. मूळ इंग्रजीतही हेच लिहिलंय.

खोटं आहे. थोडा वेळ वीज गेली तर खरं. आतला सेल काही तास घड्याळ धरून ठेवतो. दोन दिवस काहीच लाईट नसली की सेल मान टाकतो, घड्याळ शून्यावर जातं, आणि शून्य म्हणजे पाणी सोडायची वेळ असं डबी धरून चालते.

हे मला माहीत होतं. ऑक्टोबरपासून.

गुरुवार, १२ फेब्रु.

कालचं शेवटचं वाक्य लिहून वही मिटली होती. आज पुढचं.

दिवाळीच्या सुट्टीत नरसिंहपूरला मामूंकडे. त्यांच्याकडची डबी मीच बसवलेली. तिथला डीपी जळाला, तिसऱ्या दिवशी नवा आला, आणि मोटार कोणी हात न लावता सुरू झाली. मामू हसले, "पोरी, तुझ्या डबीत भूत आहे." मी तिथंच कोडात दोन ओळी घातल्या. भूत गेलं. मामीची भाकरी खाऊन परत आले.

प्रकल्पावर सांगायचं राहिलं. फॉर्म भरायला लागली असती दहा मिनिटं. वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही, त्याच आठवड्यात मोबाइलचं कव्हर निवडायला मी एक तास घातलाय.

आज मराठी पानावर ओळ बदलायला गेले. आपोआप तपासणाऱ्या यंत्राने परत पाठवलं: 'भाषांतरात मुळात नसलेला मजकूर घालता येत नाही.' नियम बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक भाषेत वेगळी डबी व्हायची. म्हणजे आधी इंग्रजी पान बदलायला हवं, मग मराठी. तोवर खोटी ओळ माझ्या नावासकट तशीच.

शनिवार, १४ फेब्रु.

इश्यू टाकला, म्हणजे प्रकल्पावर चूक कळवली. फॉर्मवर दोन चौकटी. एक, 'माहिती चुकीची आहे, एवढंच कळवायचं आहे'. दुसरी, 'दुरुस्ती मी स्वतः पाठवेन'. पहिलीवर खूण केली. सांगून मोकळं व्हावं.

खाली रकाना: पहिल्यांदा केव्हा आढळलं?

लिहिलं, फेब्रुवारी.

मंगळवार, १७ फेब्रु.

उत्तर आलं. योहान म्हणून आहे, पानं सांभाळणाऱ्या दोघांतला एक. यापुढे यो. आभार मानले, दुरुस्ती तुम्हीच पाठवाल का विचारलं, कारण माणसं कमी आहेत. आणि इश्यूला लेबल लावलं: किरकोळ.

प्राजक्ता (यापुढे प्रा.) ऑफिसात शेजारच्या टेबलवर बसते, बारामतीचीच. तिला दाखवलं. म्हणाली, "आमच्या घराशेजारची एक बाई अशीच. नळ गळतोय सांगितलं की म्हणते, पाना तुमच्याकडेच असेल ना."

पाना माझ्याकडेच आहे, हेही खरं.

गुरुवार, १९ फेब्रु.

पहिला रोजा. एसटीत झोप लागली, लासुर्णे कधी गेलं कळलं नाही. बरंच झालं.

दुरुस्ती लिहायला घेतली. एक ओळ लिहायला दुपार गेली. 'दीर्घकाळ' म्हणजे किती? 'धोका' म्हणावं की 'सूचना'? 'मोटारीजवळ काम करण्यापूर्वी फ्यूज काढा' हे सरळ वाक्य लिहिलं तेव्हा बरं वाटलं. अब्बा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतात, कागदाशिवाय.

रविवार, २२ फेब्रु.

अब्बांबरोबर लासुर्णे. तात्या घरी आलेत. कोपरापर्यंत प्लास्टर, चेहरा उतरलेला, पण बोलणं तेच. अब्बांना म्हणाले, "या हाजीसाब." अब्बा हजला गेलेले नाहीत. तात्या वीस वर्षं त्यांना हाजीसाबच म्हणतात, आणि अब्बा त्यांना चेअरमन.

मला पंपाच्या खोलीत घेऊन गेले. डबीशेजारी भिंतीवर माझं पान. जंक्शन गावात झेरॉक्स काढून, लॅमिनेशन करून, चार खिळ्यांनी ठोकलेलं. त्या ओळीखाली लाल पेनाची रेघ.

"आदी ऑटो स्विच व्हता, तवा मी फिल्टरला हात लावायच्या आदी फ्यूज काढून खिशात घालायचो. तीस वर्सं. ऑटोचा भरवसा न्हाय, लाईट आली की मोटार सुटनारच. मग संक्रांतीला ही डबी बसवली. हितं लिव्हलेलंच हाय, आपोआप सुरू व्हत न्हाय. म्हनून फ्यूज काढला न्हाय."

मी रेघेकडे बघत होते.

"छपाईत चूक आसंल," तात्या म्हणाले. "व्हती कवामवा. तू काय मुद्दाम लिव्हनार हायेस व्हय."

नाही तात्या, म्हटलं. मामूंकडच्या दोन ओळी या नव्या डबीत बसणाऱ्या नव्हत्या; फ्यूज काढत जा आता, एवढं सांगून आले. फार लाज वाटली. रोजा असूनही घरी येऊन गटागट पाणी प्यावंसं वाटलं. प्यायले नाही.

मंगळवार, २४ फेब्रु.

दुरुस्ती पाठवली. यंत्राने तीन चुका काढल्या. वाक्य लांब आहे. एका पानावर धोक्याची एकच चौकट चालते, ती आधीच एक आहे (पावसात डबी उघडू नका). ओळीच्या शेवटी एक जागा जास्त सुटली आहे. तिन्ही दुरुस्त केल्या. पावसाची चौकट साध्या मजकुरात ढकलली. भिजलेली डबी अब्बांकडे येते, सुकते.

शुक्रवार, २७ फेब्रु.

यो.चं परीक्षण. सभ्य माणूस आहे, म्हणून जास्त राग येतो. दोन प्रश्न:

सलग दोन दिवस वीज नसणं ही प्रत्यक्षात घडणारी परिस्थिती आहे का?

आणि, पुरवठा न तोडता कोणी यंत्र का उघडेल? सुरक्षेच्या पानावर 'आधी पुरवठा तोडा' असं लिहिलेलं आहेच. तेव्हा हा बदल हवाच का?

प्रा. पहिला प्रश्न वाचून इतकी हसली की सर केबिनमधून बाहेर आले. मग सरांनी वाचला, तेही हसले. मीही.

सोमवार, २ मार्च

उत्तर तीनदा लिहिलं. पहिलं रागाचं, पुसलं. दुसऱ्यात विजेच्या कारभाराचं सगळं पुराण आलं, तेही पुसलं. तिसरं ठेवलं. साधारण असं:

'आमच्याकडे एका ट्रान्सफॉर्मरवर अनेक मोटारी असतात. तो जळतो. नवा यायला दोन दिवस लागतात, कधी जास्त. त्या दोन दिवसांत पाणी देता येत नाही, म्हणून लोक नेमकं तेव्हाच फिल्टर धुतात, मोटारीला ग्रीस भरतात. लाईट नाही म्हणजे पुरवठा तुटलेलाच आहे असं ते समजतात. ज्यांना आपोआप सुरू होणाऱ्या जुन्या स्विचची सवय होती ते फ्यूज काढायचे. आपलं पान वाचून एकाने ते थांबवलं. त्यांचा हात मोडला आहे. माहिती नव्हती तोवर त्यांचा हात शाबूत होता.'

शेवटचं वाक्य काढू की ठेवू असं प्रा.ला विचारलं. "ठेव," म्हणाली. ठेवलं.

शुक्रवार, ६ मार्च

यो. चार दिवस गप्प होता. आज लिहिलं: 'मी टेबलावरच्या डबीची वायर सोमवारी काढून ठेवली, बुधवारी लावली. ती सुरू झाली. आम्ही आजवर दहा मिनिटांचीच चाचणी घेत होतो. मला वाईट वाटतं. त्या गृहस्थांना माझ्या वतीने सांगाल का?'

लेबल बदललं. 'किरकोळ' गेलं, 'तातडीचं' आलं.

मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातलेल्या, परत घेतल्या. दोन दिवस वायर काढून बसला बिचारा. मी तर डोळ्यांनी बघून गप्प होते.

बुधवार, ११ मार्च

दोघांतल्या एकाचा होकार आला, यो.चा. दुसरी एलेना, तिचा बाकी. दोन्ही आल्याशिवाय पान बदलत नाही.

पण यो.ने माझ्या ओळीत भर घातली: 'नोव्हेंबरनंतरच्या आवृत्तीत'. कारण दिलं: 'नोव्हेंबरात आम्ही घड्याळाचा कोड बदलला. तुम्हाला हे पहिल्यांदा फेब्रुवारीत आढळलं, म्हणजे दोष त्या बदलातला असावा. आधीच्या डब्यांना अडचण नाही, त्यांच्या मालकांना उगाच घाबरवायला नको.'

दोनदा वाचलं. मामूंची डबी ऑक्टोबराच्याही आधीची, जुन्या आवृत्तीची. म्हणजे दोष आधीपासून आहे. जुन्या डब्या आहेत निमगावात, सुप्याकडे दोन-तीन, अजून कुठं कुठं. त्या लोकांना आता पान सांगणार, तुम्ही निश्चिंत राहा.

एका खोट्या ओळीची दुरुस्ती म्हणून दुसरी खोटी ओळ जाणार. या वेळी मूळ इंग्रजीसुद्धा माझ्यामुळेच खोटं.

शुक्रवार, १३ मार्च

पळवाटा शोधल्या. 'मामूंना आता आठवलं' असं लिहिता येईल. 'जुन्या डबीवरही आज चाचणी घेतली' असं म्हणता येईल, आणि खरंच घेताही येईल. दोन दिवसांचं काम. ओळ बरोबर होईल, तारीख फेब्रुवारीच राहील. कोणाचं काही बिघडणार नाही.

जुम्म्याच्या नमाजहून अब्बा आले. म्हणाले, शीरखुर्म्याची तयारी आहे ना, ईदला लासुर्ण्याला डबा जायचाय, या वर्षी तू घेऊन जा. दरवर्षी जातो. पाडव्याला त्यांच्याकडून पोळ्या येतात, ईदला आमच्याकडून डबा जातो.

बरं, म्हटलं.

रविवार, १५ मार्च

एकटीच लासुर्ण्याला गेले. काकू रानात, तात्या ओट्यावर.

सांगितलं. उभ्यानेच. छपाईत चूक नव्हती तात्या. मूळ पान चुकीचं होतं, ते मला ऑक्टोबरात कळलं, मामूंकडे. मी त्यांची डबी दुरुस्त केली आणि पान तसंच ठेवलं. सुप्याकडच्या जुन्या डब्यांतही हाच दोष आहे.

तात्यांनी डाव्या हाताने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आक्टोबरात."

हो.

"आन मी संक्रांतीला बसवली."

हो.

"आळस क्येलास?"

हो तात्या. आळसच.

समोरच्या रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. मग तात्या उठले, पंपाच्या खोलीत गेले, मी मागे. एका हाताने खिळे निघेनात. मी पुढे झाले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." पकडीने उपसून काढलेच. पान माझ्या हातात दिलं, खिशातला लाल पेन दिला.

"परदेशात कवा लिव्हायचं तवा लिव्ह. आदी हितं लिव्ह."

प्लास्टिकवर पेन उमटेना. मागून कापून कागद बाहेर काढला. त्यांच्या रेघेखाली लिहिलं: हे चूक आहे. लाईट दोन दिवस गेली तर मोटार आपोआप सुरू होते. फ्यूज काढा.

"कवापास्नं ठावं हाय, त्ये बी टाक."

टाकलं. ऑक्टोबर.

त्यांनी वाचलं, भिंतीला लावलं. खिळे मी ठोकले. चहाचं विचारलं नाही. माझा रोजा होता हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे नक्की काय ते सांगता येत नाही.

सोमवार, १६ मार्च

एसटीतच मोबाइलवर फॉर्म उघडला. 'पहिल्यांदा केव्हा आढळलं' मधला फेब्रुवारी खोडला. ऑक्टोबर. खाली लिहिलं: 'मी आधी चुकीची तारीख दिली. जुन्या आवृत्तीवर हे मी स्वतः पाहिलं होतं आणि कळवलं नव्हतं. कृपया "नोव्हेंबरनंतरच्या" हे शब्द काढावेत.' पाठवलं.

प्रा.ने ऑफिसात वाचलं. "एवढं कशाला लिहिलंस? शब्द काढा म्हटलं असतं तरी चाललं असतं." तिला तात्यांचं सगळं सांगितलं. दुपारी माझ्यासमोर डबा खायचा नाही म्हणून पॅसेजमध्ये जाऊन खाल्ला. रोज जाते, पण आज जाताना पाठीवर हात ठेवून गेली.

यो.ने शब्द काढले. त्याचा होकारही नियमानुसार रद्द झाला. मजकूर बदलला की होकार पुन्हा द्यावा लागतो.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. ऑफिसला सुट्टी. लासुर्ण्याहून कोणी आलं नाही.

अब्बांनी दुपारी विचारलं, संध्याकाळी परत विचारलं. "चेअरमनच्या हातामुळं राहिलं असेल," स्वतःच म्हणाले. पोळ्या काकू करतात, तात्यांच्या हाताचा काय संबंध. त्यांना सांगून टाकलं सगळं. ऐकून घेतलं. म्हणाले, "मोटार जळाली तर परत भरता येते." पुढे काही म्हणतील असं वाटलं, पण इफ्तारची वेळ झाली होती.

शनिवार, २१ मार्च

ईद. नवा ड्रेस, डबा घेऊन लासुर्णे. काकूंनी दारात गळामिठी दिली, डबा घेतला, पाडव्याचं काही बोलल्या नाहीत. तात्या रानात आहेत म्हणाल्या. गेले.

प्लास्टर निघालंय, हात बारीक दिसतो. लाईट नव्हती. फिल्टर उघडा, तात्या डाव्या हाताने जाळी धूत होते, उजव्या हाताने नुसती धरलेली. सदऱ्याच्या खिशातून फ्यूजची पांढरी चिनीमाती दिसत होती. तिन्ही फेजचे फ्यूज.

ईद मुबारक म्हटलं. "मुबारक, मुबारक." जाळी उन्हाला धरून बघितली, परत धुवायला घेतली.

"त्या परदेशी मानसाचं काय झालं?"

त्याने परत होकार दिला. एका बाईचा राहिलाय.

"तिला काय आडचन?"

माहीत नाही. तिने अजून बघितलं नसेल.

"आन सुप्याकडच्यांस्नी कोन सांगायचं तवर?"

मी म्हटलं, पान बदललं की त्यांना...

"पान मी बी वाचलं व्हतं," तात्या म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी आता लिव्हलेलं वाचनार न्हाय, रुबिना. तुला काय ठावं झालं तर यायचं आन तोंडानं सांगायचं. जमंल?"

जमेल म्हटलं.

"बग बाबा," म्हणाले, आणि झाकण लावायला घेतलं. बोट अडकू नये म्हणून मी दुसऱ्या बाजूने धरलं. त्यांनी धरू दिलं.

मामूंकडून सुप्यातल्या एकाचा नंबर मिळालाय. फोन नको, उद्या रविवार आहे, जाऊनच येते. तिथून बाकीच्यांचे पत्ते.

घरी येऊन बघितलं. एक होकार, एक बाकी. मराठी पान अजून जुनंच आहे. आमचा डबा लासुर्ण्यालाच राहिलाय.